पुणे-मिरज लाईन जीआयपीची नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुणे-मिरज डबल लाईनवर परवा तुमच्या पेपरात जो लेख आला त्यात ही लाईन जीआयपीने (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने) टाकली असं छापलंय. साफ चूक. या बाजूला जीआयपी पुण्यापर्यंतच, तिथून खाली जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार करत मिरज-बेळगावकडे जाणारी लाईन सदर्न मराठा रेल्वे या वेगळ्याच कंपनीची. कंपनी उणीपुरी पंचवीस वर्षं टिकली त्यामुळे नावसुद्धा कुणाच्या तोंडी नाही.

१८७६-७८ च्या दुष्काळात विजापूर, धारवाडकडे लोक किड्यामुंगीसारखे मेले, धान्य पोचवायची सोयच नव्हती. म्हणून सरकारने या भागात रेल्वे न्यायची ठरवली आणि १८८२ ला ही कंपनी निघाली, ऑफिस लंडनला. लाईन सरकारी मालकीची, कंपनीने ती बांधायची आणि चालवायची असा मामला. १८८४ ला सोलापूरजवळच्या होटगीपासून गदग, मग १८९० च्या सुमाराला पुणे ते बेळगावपुढचं लोंढा अख्खं सुरू, सगळं मीटर गेज (दोन रुळांत एक मीटर अंतर) कारण स्वस्त. आता गंमत बघा, पुण्याला आणि होटगीला जीआयपीची ब्रॉड गेज, रूळ जास्त रुंद, म्हणजे पोतं न् पोतं हमालाने या वॅगनमधून काढायचं आणि त्या वॅगनमध्ये टाकायचं, आणि हे दुष्काळासाठी काढलेल्या रेल्वेत! पुणे-मिरज ब्रॉड गेज झालं थेट १९७१ ला, तेव्हा पुण्यातली ही कटकट मिरजेत आली कारण पुढे लोंढ्याकडे मीटर गेजच होतं.

स्टेशनं कुठे काढली तेही बघा, साताऱ्याचं स्टेशन गावापासून इतकं लांब की नावच सातारा रोड होतं. किर्लोस्करवाडीचं स्टेशनही आधी कुंडल रोडच होतं.

मिरज-कोल्हापूरचा खर्च मात्र कोल्हापूर दरबाराचा, १८९१ ला सुरू झाली, गाड्या याच कंपनीने चालवल्या. १९०२ पासून गोव्यातल्या मुरगावची पोर्तुगीज लाईनपण हिच्याकडेच. इकडचं हेड ऑफिस धारवाडला, एवढी मोठी दगडी बिल्डिंग, आता तिथे कर्नाटक कॉलेज आहे. तिकडे शिकलेल्या आपल्याकडच्या कित्येकांना माहीतही नसेल की आपण रेल्वेच्या ऑफिसात बसून लेक्चरं ऐकली. १९०८ ला मद्रास रेल्वेशी विलीनीकरण झालं, एमएसएम (मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे) झाली, कारभार मद्रासला गेला. पुढे सदर्न, साउथ सेंट्रल आणि आता सेंट्रल रेल्वे, मालक इतक्यांदा बदलले की जीआयपीचं नाव चिकटवून मोकळं होणं सोपं, पण पेपरने तरी तसं करू नये ना.

हुबळीला रेल्वे म्युझियम झालंय. मिरज जंक्शनला एकेकाळी ब्रॉड, मीटर, नॅरो अशी तिन्ही गेज होती, तिथे निदान एक माहितीचा बोर्ड तरी लावा असं रेल्वेला तुमच्या पेपरातूनच सांगा. आणि दुरुस्ती छापा, आतल्या पानावर चालेल.

आपला,
एक वाचक, मिरज