लक्ष्य उघडून मोजावंच लागतं

महोदय,

आपल्या रविवारच्या अंकात प्रवेगक जोडलेल्या थोरियम अणुभट्टीवरचा लेख वाचला. असा विषय छापलात, बरं वाटलं. पण ‘या भट्टीत किरणोत्सारी कचरा जवळजवळ उरतच नाही’ हे वाक्य खटकलं. मी 23 वर्षं मुंबईत गॅमा-मोजणीचं, म्हणजे किरणोत्सारी पदार्थांतून निघणारे गॅमा किरण मोजायचं काम केलं, आता गुहागरला पोफळीची बाग बघतो. राहवलं नाही म्हणून लिहितो.

अशा भट्टीत प्रवेगकातून आलेला प्रोटॉनचा झोत शिशावर किंवा वितळलेल्या शिसे-बिस्मथवर आदळतो; त्या धातूला लक्ष्य म्हणतात. एका जोरकस प्रोटॉनमागे वीसेक न्यूट्रॉन सुटतात, भट्टी चालते त्यांच्यावर. पण फुटलेले, बदललेले अणू लक्ष्यातच राहतात, आणि त्यातले कितीतरी किरणोत्सारी असतात.

पेलेट्रॉन या प्रवेगकावर प्रोटॉनचा मारा झालेली शिशाची पातळ चकती आम्ही मोजायचो. जर्मेनियमचा डिटेक्टर, भोवती शिशाच्या विटा. दर सोमवारी द्रव नायट्रोजन ओतताना पांढरी वाफ पायांवर उतरायची. कुठल्या ऊर्जेचे किती गॅमा आले याचा आलेख पडद्यावर उमटायचा. पहिल्या आठवड्यात त्यात शिशापासून झालेल्या बिस्मथ-206 च्या शिखरांची दाटी. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, सव्वासहा दिवस. काही महिन्यांनी तीच चकती ठेवावी, तर ती सगळी ओसरलेली आणि 570 व 1064 केईव्हीला (हे गॅमाच्या ऊर्जेचं एकक) दोन शिखरं ताठ उभी. हे बिस्मथ-207, अर्धायुष्य तीस वर्षांहून जास्त. मी निवृत्त झालो त्या दिवशीही ती तिथंच होती.

किती काय तयार होईल याचं गणित फ्लूका, एमसीएनपीएक्स अशा संगणक-प्रणालींनी आधी मांडतात, मांडायलाच हवं. पण स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत 2006 साली मेगापाय हे वितळलेल्या धातूचं लक्ष्य चार महिने चाललं. नंतर ते कापून नमुने तपासले, तर बिस्मथ-207 सगळीकडे सारखं मिसळलेलं, लुटेशियम-173 हा दुसरा किरणोत्सारी अणू मात्र पोलादी भिंतीला जाऊन बसलेलं. आगळात मीठ किती घातलं ते वहीत लिहिता येतं. ते कुठं बसलं हे बरणी उघडल्यावरच दिसतं. पारा-194 तर स्वतः गॅमा जवळपास देतच नाही. त्याच्यापासून होणाऱ्या सोन्याच्या 328 केईव्हीच्या शिखरावरून त्याचा माग काढावा लागतो, आणि त्याचं अर्धायुष्य चारशे वर्षांच्या वर आहे.

मी या संशोधनाच्या विरोधात नाही, उलट ते व्हावं असंच मला वाटतं. पण जैतापूरवरून आमच्या वाचनालयात झालेले वाद मी ऐकलेत. दोन्ही बाजूंनी आवाज चढले, आकडा एकानंही काढला नाही. तेव्हा पुढच्या लेखात लक्ष्यात काय उरतं, किती काळ उरतं आणि ते मोजलंय की नुसतं गणितानं काढलंय, एवढं कृपया छापा.

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ, गुहागर