स्थानक जपायचे, पण कोणत्या सालचे?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमृत भारत योजनेखाली 6 ऑगस्ट 2023 रोजी देशातील 508 स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली, त्यांत महाराष्ट्रातील 44 स्थानके होती. या कामांच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमित वाचतो. जुन्या इमारतींचे मूळ रूप राखले जाईल, असे त्यांत बहुतेक वेळा सांगितलेले असते. मात्र मूळ रूप म्हणजे नेमके कोणत्या काळचे, हे कुठेच वाचायला मिळत नाही. मी अमेरिकेत मेरीलँड राज्यात ज्या भागात राहतो, तेथील एलिकॉट सिटी या नदीकाठच्या गावात हाच प्रश्न एका छोट्या दगडी स्थानकाच्या बाबतीत विचारला गेला आणि त्याचे स्पष्ट उत्तरही दिले गेले, म्हणून हे पत्र.

पटॅप्स्को नदीच्या पाण्यावर पिठाच्या गिरण्या चालवण्यासाठी एलिकॉट बंधूंनी 1772 मध्ये हे गाव वसवले आणि तंबाखू पिकवणाऱ्या आसपासच्या जमीनदारांना गव्हाकडे वळवले. बाल्टिमोर अँड ओहायो या कंपनीने 1828 मध्ये रेल्वेचे काम सुरू केले, तेव्हा हे पीठ बाल्टिमोर बंदरात पोचवणे आणि नदीच्या खोऱ्यातून सौम्य चढाने पश्चिमेकडे सरकणे, असे दोन्ही हेतू या वाटेने साधत होते. बाल्टिमोर ते एलिकॉट्स मिल्स (हेच या गावाचे तेव्हाचे नाव) हा 13 मैलांचा पहिला टप्पा मे 1830 मध्ये खुला झाला, तोही घोड्यांनी ओढलेल्या डब्यांसाठी. पीटर कूपर यांचे ‘टॉम थंब’ हे चिमुकले वाफेचे इंजिन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये येथवर येऊन गेले. परतीच्या वाटेवर त्याची घोड्याशी शर्यत लागली आणि पट्टा निसटल्याने इंजिन हरले, ही कथा पर्यटकांना आवर्जून ऐकवली जाते. परंतु तिचा मुख्य आधार जवळपास चार दशकांनंतर सांगितलेली एक आठवण आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

स्थानकाची इमारत 1831 मध्ये पूर्ण झाली. अमेरिकेत आज उभ्या असलेल्या रेल्वे स्थानकांत ती सर्वांत जुनी मानली जाते. आपल्याकडे 1853 मध्ये पहिली गाडी जेथून सुटली ते बोरीबंदरचे मूळ स्थानक उरलेले नाही, हे लक्षात घेता या टिकाऊपणाचे मोल कळते. इमारत स्थानिक ग्रॅनाइटची, जाड भिंतींची आणि जवळपास अलंकारहीन आहे. उतारावर बांधलेली असल्यामुळे रुळांच्या बाजूने ती बुटकी, तर रस्त्याच्या बाजूने दुमजली दिसते. या रचनेमागे सौंदर्यदृष्टीपेक्षा व्यवहार अधिक आहे, कारण घोडागाड्या खालच्या रस्त्याने येत आणि रेल्वेचे डबे वरच्या पातळीवर उभे राहत. आज स्थानक म्हणून मिरवणारी ही वास्तू सुरुवातीची पंचवीसेक वर्षे प्रवाशांसाठी नव्हतीच. ती मालधक्का होती आणि इंजिनांच्या देखभालीची जागाही. प्रवासी शेजारच्या पटॅप्स्को हॉटेलचा आधार घेत. 1850 च्या दशकाच्या मध्यावर आत बदल करून तिकीटघर आणि स्त्रिया व पुरुषांसाठी वेगवेगळी प्रतीक्षालये काढण्यात आली, आणि 1885 मध्ये मालासाठी शेजारी स्वतंत्र इमारत उभी राहिली.

प्रवासी गाड्या 1949 मध्ये थांबल्या, 1968 मध्ये इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि पुढे तेथे संग्रहालय झाले. 1999 मधील जीर्णोद्धाराच्या वेळी इमारतीला 1831 चे नव्हे, तर 1857 चे रूप देण्याचे ठरले. ‘सर्वांत जुने’ हा किताब मिरवण्यासाठी 1831 हे साल अधिक सोयीचे होते, तरीही तो मोह टाळला गेला, हे मला विशेष वाटते. 1831 कडे जायचे तर प्रतीक्षालये काढून टाकावी लागली असती आणि ज्या काळात ही वास्तू खऱ्या अर्थाने गावाचे स्थानक झाली, तोच काळ पुसला गेला असता. 1857 नंतरची म्हणून 1885 ची मालाची इमारतही पाडली नाही. तिच्यात आता पहिल्या 13 मैलांच्या मार्गाची प्रतिकृती मांडलेली आहे. शेजारच्या रुळांवरून मालगाड्या आजही धावतात.

सारेच तेथे आदर्श आहे असे नाही. 30 जुलै 2016 आणि 27 मे 2018 रोजी ओढ्यांचे पाणी मुख्य रस्त्यावरून धडाडत खाली आले, माणसे दगावली, आणि त्यानंतर पुराला वाट करून देण्यासाठी रस्त्याच्या खालच्या टोकाच्या काही जुन्या इमारती पाडाव्यात का, यावर गावात वर्षानुवर्षे कडवट वाद झाला. जपणुकीचा निर्णय तेथेही सोपा नव्हता. पण निदान तो उघडपणे, कारणे मांडून झाला.

आपल्या स्थानकांबाबत माझी मागणी एवढीच आहे की, कामाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक जुन्या इमारतीची मोजमापांसह रेखाचित्रे आणि छायाचित्रे तयार करावीत, मालधक्का, पाण्याची टाकी, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने यांचीही नोंद त्यांत असावी, आणि कोणत्या सालचे रूप राखणार व कोणते भाग कोणत्या कारणाने काढणार, हे स्थानकावरच मराठीत फलक लावून जाहीर करावे. निविदा निघाल्यानंतर ही माहिती मिळून उपयोग नाही. हरकती नोंदवण्यासाठी ती आधी मिळायला हवी.

आपला,
एक वाचक
एलिकॉट सिटी, मेरीलँड