संगणक सुरक्षित, पण मुका

संपादक महोदय,

मी जन्मांध. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात कृषी केंद्राचा हिशेब संगणकावर ठेवतो. पडद्यावरचं मला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. मायकल करन या अंध तरुणाने २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

ऐन पेरणीच्या गर्दीत मालकांनी नवं अँटिव्हायरस टाकून घेतलं. सकाळी एनव्हीडीए सुरू करायला कंट्रोल-आल्ट-एन दाबलं, तर पंख्याची घरघर तेवढी. बियाण्याच्या थैल्या मोजणारा पोरगा पडद्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, धोकादायक म्हणून अडकवून ठेवलं जी."

कारण मला कळतं. स्क्रीन रीडरला दाबलेली प्रत्येक कळ टिपावी लागते, दुसऱ्या प्रोग्रॅममधला मजकूर उचलावा लागतो. पासवर्ड चोरणारेही हेच करतात. पोराने ते कसंबसं सोडवलं. पण पुन्हा अडकू नये म्हणून अँटिव्हायरसमधली एनव्हीडीएला सूट द्यायची खिडकी उघडली, तर तिथे ऐकू येतं नुसतं "बटण, बटण, बटण". कोणतं कशाचं, देव जाणे.

मधले ३ दिवस उधारी मी पोराला सांगून लिहवून घेतली. कुणाची किती बाकी, हे गावात भर दुकानात मोठ्याने बोलायचं असतं का?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. कंपन्यांनी निदान बटणांना नावं द्यावीत, आणि विकण्याआधी एकदा पडदा बंद करून स्वतः वापरून पाहावं. परवा अपडेट आलं आणि एनव्हीडीए पुन्हा गप्प झालं. हे पत्रही त्या पोराच्याच हातचं आहे.

— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ