ग्राइंडर हातात घेण्याआधी

प्रिय सुध्या,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, जुन्या मोटरसायकलचे फोटोही नीट पाहिले. मागचं मडगार्ड आखूड करायचं, सीट सपाट करायची, हँडल खाली आणायचं आणि टाकी रंगवायची, एवढं सगळं घरच्या घरी, बेताच्या पैशांत बसतं. फक्त क्रम चुकवू नकोस. जे नटबोल्टनं निघतं आणि परत बसतं ते आधी कर. कापाकापी मोजमाप पुरं झाल्यावर, सगळ्यांत शेवटी.

सुरुवातीला रूपाला हातच लावू नकोस. गाडी आहे तशी चालव. रेस धरून ठेवल्यावर सतत निळा धूर निघत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. उतारावर रेस सोडून पुन्हा दिल्यावर एकच भपकारा येत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत. इंजिन उघडायचंच असेल तर रंगाआधी उघड, नाहीतर ते उतरवताना ताज्या रंगाचे टवके उडतील. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर जुने, कडक झालेले असले तर पहिला खर्च त्यांचा, दुसरा ब्रेक लायनरचा. ड्रममधली भुकटी फुंकू नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसून घे.

गाडी जपानी घडणीची आहे, म्हणून हत्यारांबद्दल एक सांगतो. इंजिनाच्या कव्हरवरचे फुलीचे स्क्रू फिलिप्सचे वाटतात, पण ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, साच्याचे असतात. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर त्यांच्यातून वर निसटतो आणि डोकं गोल करून ठेवतो. जेआयएसचा एक स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, एवढे पैसे खर्च कर. कव्हरचे ६ मिमीचे बोल्ट परत बसवताना साधारण १० न्यूटन-मीटर पुरे. त्याहून जोर लावलास तर ॲल्युमिनियमचे आटे बोल्टबरोबर बाहेर येतील.

आता मागची बाजू. घरी केलेल्या कामात सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. स्टँडवर उभ्या गाडीत टायर आणि सीट यांच्यात भरपूर जागा दिसते, म्हणून चौकट (फ्रेम) खाली वळवून सीट टायरवर आणली जाते. मग मागे माणूस बसला आणि खड्डा आला की टायर सीटच्या पत्र्याला घासतो. म्हणून असं कर: शॉकअप्सर (मागचा शॉक ॲब्सॉर्बर) काढून त्याच्या दोन भोकांमधलं केंद्र ते केंद्र अंतर घे. त्याची आत सरकणारी दांडी जेवढी उघडी असते तेवढी त्यातून वजा कर. समजा अंतर ३३० मिमी आणि दांडी ८० मिमी, तर उरले २५०. दांडीवरचा रबराचा ठोकळा धरू नकोस, म्हणजे माप सुरक्षित बाजूलाच राहतं. लोखंडी पट्टीला बरोबर २५० मिमीवर दोन भोकं पाड आणि शॉकअप्सरच्या जागी दोन्ही बाजूंना अशी पट्टी बसव. चाक आता जास्तीत जास्त वर आलंय. या स्थितीत टायरपासून सीटच्या तळापर्यंत निदान २५ मिमी मोकळे राहायला हवेत. वायरी, नंबर प्लेटचा बोल्ट, मडगार्डची कड हेही याच वेळी बघ. चौकटीवर खडूची खूण यानंतरच करायची. शॉकअप्सर ज्या ब्रॅकेटवर टेकतात त्याच्या पुढचं काहीही कापू नकोस. मागचं वळण, म्हणजे चौकटीची मागची टोकं जोडणारी वाकवलेली नळी, वेल्ड करताना नळीच्या आत आणखी एक आखूड नळी सरकव आणि दोन्ही बाजूंना भोकं पाडून तिथेही वेल्ड मार. नुसता तोंडाला तोंड लावलेला सांधा कंपनानं तडकतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) काढून ठेव, टाकी तर दुसऱ्या खोलीत.

गाडी बुटकी दिसावी म्हणून आखूड शॉकअप्सर घालायचा मोह टाळ. मागची बाजू खाली गेली की हँडल जड होतं, वळणावर स्टँड आणि सायलेन्सर आधी टेकतात, आणि साइड स्टँडवर गाडी इतकी सरळ उभी राहते की धक्क्यानं पलटी होते.

हँडल बदलताना नळीचा व्यास मोज. बहुतेक जुन्या गाड्यांना २२ मिमीचं बसतं. बसवल्यावर दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ, टाकीला बोटं चेपता कामा नयेत. मग इंजिन स्लोवर ठेवून हँडल डावी-उजवीकडे फिरव. आवाज चढला तर रेसची केबल ताणली जातेय, तिची वाट बदल.

एअर फिल्टरचा डबा काढून उघडा गोल फिल्टर लावू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. दिसतो छान, पण कार्ब्युरेटर त्या डब्याच्या हिशेबानं लावलेला असतो. हवा वाढली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, मधल्या रेसला अडखळतं. मग जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकाची नळी) बदलण्यात जे पैसे जातात त्यात सीट होते. कार्ब्युरेटर फक्त साफ कर, आणि जेटच्या भोकात स्टीलची तार घालू नकोस, भोक मोठं होतं. वायरीतला तांब्याचा एक केस पुरतो.

वायरिंगमध्ये तुला इंडिकेटर छळतील. जुन्या बल्बांना प्रत्येकी १० वॅट लागतात, एलईडीला एक-दोन. जुना फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारी डबी) तेवढ्या कमी भारावर चालतच नाही किंवा फार भराभर लुकलुकतो. रेझिस्टर लावायचा सल्ला मिळेल, पण तो तापून आसपासचं प्लास्टिक वितळवतो. एलईडीचाच फ्लॅशर घे. त्यानंतरही चारही दिवे एकदम लागले तर घाबरू नकोस. मीटरमधला इंडिकेटरचा एकच दिवा डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो, त्यातून करंट पलीकडे जातो. वन-एन-४००७ चे दोन डायोड आण, त्यांतून करंट एकाच दिशेनं जातो. एक डाव्या वायरीला, एक उजव्या वायरीला, दोन्हींची रुपेरी पट्टी दिव्याकडे. ती टोकं एकत्र करून दिव्याच्या एका बाजूला जोड, दुसरी बाजू चौकटीला अर्थ. अर्थिंगच्या जागचा रंग खरवडायला विसरू नकोस. रंगवलेल्या चौकटीवर घट्ट बसवलेला अर्थ दिसायला चोख असतो, पण करंट वाहत नाही. शेवटी ४,००० आरपीएमवर बॅटरीचं व्होल्टेज बघ, १३.८ ते १४.५ च्या मध्ये हवं.

टाकी आत गंजली असेल तर पेट्रोल काढून ती पूर्ण हवेशीर कर, पेट्रोलच्या कॉकचं भोक बंद कर आणि पाच टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर काठोकाठ भरून दिवस-दोन दिवस ठेव. ओतून दिल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धू, साध्या पाण्यानं धू आणि ताबडतोब गरम हवेनं वाळव. अर्धा तास ओली राहिली तरी नवा नारिंगी गंज चढतो. वाळली की थोडं इंजिन ऑइल आत फिरवून ठेव. बाहेरून जुना रंग १८० च्या पॉलिश पेपरनं घास, खळग्यांत लांबी (पुट्टी) भर, ३२० नं सपाट कर, प्रायमर मार, मग ६०० चा पेपर पाण्यात बुडवून घास. तळहात फिरवून खळगे तपास. डोळ्यांना न दिसलेला खळगा हाताला लागतो. रंगाचे पातळ तीन-चार हात दे, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. दमट दिवशी रंगावर पांढरट सावट येतं, त्या दिवशी राहू दे. रंगावर मारायचं स्प्रेच्या डब्यातलं साधं क्लिअर (पारदर्शक थर) मात्र पेट्रोल सांडलं की सुरकुततं. हार्डनर घातलेलं क्लिअर टिकतं, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं आणि साध्या मास्कनं ते अडत नाही. तेवढं पेंटरकडून करून घे. आधी तोच रंग मडगार्डच्या कापलेल्या तुकड्यावर मारून, पेंटरचं क्लिअर त्यावर बसतं का ते बघ.

शॉकअप्सरची दोन्ही मापं आणि सीटखालच्या चौकटीचा बाजूनं काढलेला फोटो पाठव. नळीचा व्यासही मोजून कळव, म्हणजे मागचं वळण कुठून सुरू करायचं ते ठरवता येईल.

तुझा,
विन्या