ॲप राहू द्या, कुलपातली मोटर दाखवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या घर-बांधकाम पुरवणीत मागे स्मार्ट दरवाज्यावर अख्खं पान आलं होतं. फोटो झकास, बोटाचा ठसा आला, चेहरा आला, मोबाईल ॲप आलं, पाहुण्यासाठी वन टाइम पासवर्ड आला, फक्त कुलूप राहिलं. म्हणजे दरवाजा खरोखर कशाने बंद राहतो त्यावर एक ओळ नाही. मी हिंगणा एमआयडीसीत पॅनल आणि मोटरच्या कामात नोकरी काढली, आता मानेवाड्याला घरीच असतो आणि आजूबाजूच्या लोकांची बिघडलेली कुलपं खोलून पाहायचा नाद आहे, म्हणून लिहून राहिलो. लांब झालं तर कापा, पण मोटरचा भाग ठेवा.

ठसा ओळखणं हे आता काही मोठं काम राहिलं नाही, सगळ्यांच्याच खिशातला मोबाईल ते करते. ठसा जुळल्यावर पुढे काय, ते बघा. पुढे एक लोखंडी बोल्ट वीस-पंचवीस मिलिमीटर सरकवायचा असतो, चौकटीवरच्या भोकाच्या लोखंडी पत्तीला घासत, दरवाज्याचं वजन अंगावर घेत, वर्षानुवर्षं, दिवसातून दहादा. आणि हे सगळं करते अंगठ्याएवढी एक डीसी मोटर. तिच्याबद्दल जाहिरातीत काही नसते आणि दुकानदाराला विचारलं तर तो म्हणते, "अंकल, वायफाय पण आहे ना."

बरं, इलेक्ट्रिक लॉक या एका नावाखाली बाजारात निरनिराळ्या वस्तू विकून राहिले. एक ते ऑफिसातल्या काचेच्या दरवाज्याला वरून लावलेलं चुंबक, मॅगलॉक, बारा नाहीतर चोवीस व्होल्टवर चालते, नेहमीचं सहाशे पौंडवालं म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास जोराने दरवाजा धरून ठेवते, पण करंट आहे तोवरच. दुसरं सोलेनॉइडवालं, कॉइलला करंट दिला की आतला दांडा खेचला जाते. आणि तिसरं मोटरवालं. तिन्ही एकाच काउंटरवर ठेवलेले असतात आणि गिऱ्हाईक रंग पाहून घेते.

सोलेनॉइडची गंमत अशी की दांडा आणि कॉइलमधलं अंतर जास्त असते तेव्हा, म्हणजे अगदी सुरुवातीला, त्याचा जोर सगळ्यात कमी असतो, आणि दांडा आत पोचत आला की वाढतो. कुलपाला नेमकं उलटं पाहिजे, कारण बोल्ट अडतो तो सुरुवातीलाच. शिवाय दांडा खेचून धरायचा तर करंट चालूच ठेवावा लागतो, कॉइल तापते, तांब्याचा रेझिस्टन्स डिग्रीमागे साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे कॉइल ४० डिग्रीने तापली की रेझिस्टन्स १६ टक्क्यांनी वर, करंट त्या हिशोबाने खाली, आणि खेचायचा जोर तर चौथा हिस्सा गेला समजा. आता हे नागपुरात मे महिन्यात पश्चिमेकडच्या दरवाज्यावर लावून पाहा. आपल्याकडे २०१३ च्या मे मध्ये ४७.९ डिग्रीची नोंद झालेली आहे. २०२४ च्या मे मध्ये तर रामदासपेठेतल्या ऑटोमॅटिक केंद्राने ५६ दाखवले, देशभर बोंब झाली, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर चुकला होता. हे सेन्सरचं लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

मोटर मात्र फक्त बोल्ट सरकवताना करंट खाते. सेकंद-दीड सेकंद फिरली, बोल्ट जागेवर गेला, काम संपलं. वीज गेली तरी बोल्ट जिथे आहे तिथेच, बंद तर बंद आणि उघडा तर उघडा. घराच्या मुख्य दरवाज्याला हेच बरं. पण एवढीशी मोटर फिरते भरभर आणि तिच्यात ताकद नसते, म्हणून मधे गिअर द्यावे लागतात, आणि डिझाइन करणाऱ्याचा कस तिथे लागतो. चांगल्या कुलपात वर्म गिअर असतो, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा (वर्म) आणि त्याला भिडलेलं दातेरी चक्र, नाहीतर नुसता स्क्रू असतो. वर्मचे आटे पुरेसे बारीक असले तर वर्म चक्राला फिरवतो पण चक्र वर्मला फिरवू शकत नाही, म्हणून बाहेरून कोणी पेचकस घालून बोल्ट मागे रेटला तरी हलत नाही. मस्त. पण मग आतून हाताने नॉब फिरवला तर? तोही हलणार नाही, आणि चाबीही फिरणार नाही! म्हणून मधे क्लच द्यावा लागतो, किंवा मुद्दाम प्ले, म्हणजे थोडी मोकळी जागा, ठेवावी लागते. मोटर बोल्ट सरकवते आणि मग उलटी फिरून आपल्या मधल्या जागेवर येऊन थांबते, म्हणजे नॉब आणि चाबी दोन्ही मोकळे राहतात. कुलूप लागल्यावर अर्ध्या सेकंदाने दुसऱ्यांदा बारीक घुर्र होते ना, ते हेच. लोक मला सांगतात कुलूप बिघडलं, दोनदा वाजून राहिलं. अहो, दोनदा वाजते तेच शहाणं कुलूप आहे.

शेजारच्या बिल्डिंगमधलं एक कुलूप माझ्याकडे आलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. बाहेरचं कव्हर ओतीव, वजनदार, हातात घेतल्यावर माणूस खुश होते. चार स्क्रू काढले तर आत मोटरच्या शाफ्टवर पितळेचा वर्म आणि त्याला भिडलेलं पांढरं नायलॉनचं चक्र. त्या चक्राचे एका बाजूचे पाच-सहा दात पार सपाट, बाकीचे कोरे करकरीत, आणि ग्रीसमध्ये पांढरा भुगा मिसळून त्याचं लोणी झालेलं. दात एकाच जागी झिजले याचा अर्थ सरळ आहे, बोल्ट पूर्ण बाहेर आल्यावरही मोटर रोज तिथेच रेटत होती आणि तिला थांब म्हणणारं कोणी नव्हतं. आत लिमिट स्विचच नव्हता, म्हणजे बोल्ट टोकाला पोचला की दबून मोटर थांबवणारा स्विच! इतके सेकंद फिर आणि बंद हो, एवढाच प्रोग्राम. सेल नवे असले की मोटर जोरात फिरते, टोकाला जाऊन आदळते, सेल उतरले की त्याच वेळेत बोल्ट अर्ध्यावरच राहतो आणि ॲप म्हणते दरवाजा लॉक्ड. नायलॉनला शिव्या देऊन उपयोग नाही, नायलॉन आवाज कमी करते आणि ग्रीसही कमी मागते. दोन्ही टोकांना मिळून दोन बारके मायक्रो स्विच लावले असते तर ते चक्र पुष्कळ वर्षं टिकलं असतं.

आणि नुसते टोकाचे स्विच असून भागत नाही. दरवाजा लागला आहे की नाही हेही कुलपाला कळलं पाहिजे, त्यासाठी चौकटीत एक चुंबक आणि कुलपात रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की आपोआप जुळणारा स्विच, लागतो. तो नसला की दरवाजा उघडा असताना वेळ झाली म्हणून बोल्ट हवेत बाहेर येतो, मग मागून वारा आला की तोच बोल्ट धाडकन चौकटीवर, सागवानाची कोर फुटते. तिसरी गोष्ट करंटची. मोटर अडली की तिचा करंट नेहमीच्या कितीतरी पट होतो, सर्किटने तो मोजायचा, अडलं आहे हे ओळखायचं, थोडं मागे यायचं, परत एकदा प्रयत्न करायचा, नाहीच जमलं तर बोंबलायचं. स्विच एक सांगते आणि करंट दुसरं सांगते तेव्हा दरवाजा लागला असं म्हणायचं नाही, एकट्या सेन्सरच्या भरवशावर तर मुळीच नाही. रामदासपेठेचं आठवा.

आता पावसाळा. आपल्याकडे जूनपर्यंत लाकूड कडकडीत वाळते आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेच फुगते, घरात कूलर असला तर आणखीच. फ्लश डोअर असो की सागवान, दरवाजा चौकटीला धरतो, बिजागर थोडं बसलं की बोल्ट पत्तीच्या भोकासमोर न येता दोन मिलिमीटर खाली येतो. हाताने लावायचं कुलूप असते तेव्हा आपण नकळत दरवाजा गुडघ्याने रेटतो, हँडल उचलून धरतो आणि खिट्टी बसवतो. मोटरला गुडघा नसतो. म्हणून बोल्टचं टोक थोडं निमुळतं पाहिजे, पत्तीतलं भोक वर-खाली मोकळं पाहिजे आणि मोटरमध्ये घर्षणावर मात करण्याइतका जोर शिल्लक पाहिजे. कुलूप बसवणारा पोरगा येते, कागदी टेम्प्लेट चिकटवते, ड्रिल मारते, वीस मिनिटांत ॲप जोडून निघून जाते. दरवाज्याला रंधा मारायचा की बिजागर वर घ्यायचं हे सुताराचं काम, आणि सुताराला कोणी बोलावतच नाही. माझ्या पाहण्यात तरी बिघडलं म्हणून आलेल्या कुलपांपैकी बरीचशी कुलपं चांगली होती, दरवाजे वाकडे होते.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. बहुतेक कुलपात चार पेन्सिल सेल असतात, अल्कलाइन असले तर मिळून सहा व्होल्ट. मोटर जागची हलते त्या क्षणाला करंट एकदम ओढते, आणि सेल साधा झिंकवाला असला तर आतल्या रेझिस्टन्समुळे व्होल्टेज बसते, इतकं की कंट्रोलर, म्हणजे कुलूप चालवणारं सर्किट, स्वतःच रिसेट होते आणि बोल्ट अधांतरी. नुसतं मीटर लावलं तर सेल चांगला दाखवते. म्हणून बॅटरी मोजायची ती मोटर फिरत असताना, आणि हे सगळे करत नाहीत. चार्जिंगवाले सेल टाकू नका, कंपनीने सांगितलं असेल तरच टाका, ते एकेक १.२ व्होल्टचे आणि शेवटपर्यंत सारखंच व्होल्टेज दाखवतात, मग लो बॅटरीची सूचना येते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि उन्हात तापणाऱ्या दरवाज्यावर सेल लवकर गळतात, त्याची हिरवट-पांढरी पावडर पत्त्यांवर बसते, म्हणून वर्षातून एकदा झाकण उघडून बघत जा. बाहेरच्या बाजूला नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायचे दोन टोक किंवा चार्जरची पिन घालायची जागा आहे का, हेही विकत घेतानाच पाहा, कुलूप बंद पडल्यावर नाही.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती घराच्या दरवाज्याची नाही, बिल्डिंगच्या जिन्याच्या आणि गच्चीच्या दरवाज्याची. बेसा, मनीषनगर, वर्धा रोड, जिकडे पाहाल तिकडे टॉवर होऊन राहिले आणि सोसायट्या हौसेने तिथेही इलेक्ट्रिक लॉक बसवून राहिल्या, कारण पोरं गच्चीवर जातात, भिकारी आत येतात वगैरे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६, तिच्या भाग ४ मध्ये स्पष्ट आहे की बाहेर पडायचा दरवाजा ज्या बाजूने लोक बाहेर पडणार त्या बाजूने चाबीशिवाय उघडला पाहिजे. राज्याचा आग प्रतिबंधक कायदाही २००६ चा आहे, नवीन काही नाही. आता मोटरवाल्या कुलपाचा जो गुण मी वर सांगितला, वीज गेली तरी आहे तिथेच राहते, तोच इथे जिवावर उठतो. धूर झाला, वीज गेली, बोल्ट बाहेरच. म्हणून अशा दरवाज्याला मोटर लावायचीच असेल तर आतलं हँडल सरळ यंत्राने बोल्टला जोडलेलं पाहिजे, एकदा खाली दाबलं की लॅच (हँडलची स्प्रिंगवाली जीभ) आणि बोल्ट दोन्ही मागे, मधे मोटर नाही, सर्किट नाही, कार्ड नाही. असे मॉर्टिस लॉक, म्हणजे दरवाज्याच्या जाडीत खाच पाडून बसवायचे, मिळतात, महाग पडतात, इतवारीच्या लोहाओळीत काउंटरवर बहुतेक मिळणार नाही, मागवावे लागतील.

काही जण म्हणतील मग मॅगलॉक लावा, वीज गेली की आपोआप सुटते. बरोबर आहे, पण आपले लोक ते सोसायटीच्या इन्व्हर्टरवर टाकतात! मग वीज जाते आणि चुंबक चिकटलेलंच राहते. फायर अलार्मच्या पॅनलमधून रिले, म्हणजे करंटने चालणारा स्विच, घेऊन चुंबकाची लाइन तोडली पाहिजे, आणि दरवाज्याजवळचं बटणही कंट्रोलरला विनंती करणारं नको, थेट वायर तोडणारं पाहिजे. हे काम एका दुपारचं आहे, इलेक्ट्रिशियनला समजावून सांगितलं तर.

बिल्डर लोकांना एवढंच सांगणं आहे की ब्रोशरमध्ये स्मार्ट लॉक लिहिता तेव्हा बाजूला हेही लिहा की बोल्ट किती मिलिमीटर बाहेर येतो, लिमिट स्विच आहे का, चाबीने उघडते का, आतून विजेशिवाय उघडते का. आणि सोसायटीच्या सेक्रेटरी मंडळींनी पुढच्या मीटिंगच्या आधी एखाद्या रविवारी सकाळी मेन स्विच बंद करावा, इन्व्हर्टरही बंद करावा, कार्ड आणि मोबाईल खाली वॉचमनकडे ठेवावा आणि जिन्याचा दरवाजा आतून एका हाताने उघडतो का ते स्वतः उघडून पाहावं. पाहायला जाताना बाहेरच्या बाजूला चाबी घेऊन एक माणूस मात्र उभा ठेवा.

आपला,
एक जुना वाचक,
मानेवाडा, नागपूर