आमच्या पाण्याची वही वाचणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या टाकीत या वर्षी मे महिना संपेपर्यंत पाणी चढत राहिले आणि वाडीला टँकर मागवावा लागला नाही, याचे श्रेय आपले आणि सौर पॅनेलवर संशोधन करणाऱ्या आपल्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांचे आहे. ही गोष्ट कोणत्याही बैठकीच्या इतिवृत्तात आलेली नाही आणि येईल असे वाटतही नाही, म्हणून पाणीपुरवठा समितीची सचिव या नात्याने हे पत्र चारचौघांना वाचता येईल असे लिहीत आहे.

कोकणाबाहेरच्या वाचकांना आमची अडचण चटकन पटत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. शिमग्यापर्यंत पऱ्ये, म्हणजे ओढे, आटतात आणि बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडे चढतात. म्हणून पऱ्याकाठच्या विहिरीवर सौरपंप बसला तेव्हा, विजेच्या बिलापासून आणि भारनियमनापासून एकदमच सुटका झाली, असे आम्हां सर्वांना वाटले होते. पहिले वर्ष तसे गेलेही. पुढे मात्र उपसा हळूहळू कमी होऊ लागला आणि एका उन्हाळ्यात टाकी अर्ध्यावरच राहू लागली.

त्यानंतर आम्हाला जी उत्तरे मिळाली, ती आठवली की अजूनही वाईट वाटते. ठेकेदाराच्या माणसाने खाली उभे राहूनच पॅनेलवर धूळ बसल्याचे सांगितले. पॅनेल धुऊन झाल्यावर पुन्हा बोलावले, तर दोष मळभाला दिला. ज्या कार्यालयात आम्ही दाद मागितली, तिथे तर गावाचा वापर वाढला असेल, बायका पाणी वाया घालवत असतील, असे ऐकावे लागले. कळशीभर पाण्यात धुणे आणि भांडी दोन्ही उरकणाऱ्या बाईला हे ऐकताना काय वाटले असेल, याचा विचार त्या टेबलापलीकडे कोणी केला नाही. पॅनेल दिसायला नव्यासारखी होती, काच कुठे तडकलेली नव्हती, आणि तेवढ्यावरच दोष आमचाच असल्याचे ठरून गेले. शिडी लावून वर चढण्याची तसदी त्यांच्यापैकी एकानेही घेतली नाही.

आपल्या विभागात शिकणाऱ्या आमच्या गावच्या मुलीच्या शब्दाखातर आपण आलात. आपण शिडी चढलात, पॅनेलची चौकट आणि जोडण्या पाहिल्यात, मीटर लावलात, आणि खाली उतरल्यावर सर्वांसमोर म्हणालात, "आत्ता मला सांगता येणार नाही. मोजल्याशिवाय बोलणे बरोबर होणार नाही." आधीच्या प्रत्येकाने न बघता छातीठोकपणे निदान केले होते, बघून झाल्यावरही थांबणारे माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटले.

तरीही या साऱ्यात माझ्या मनात घर करून राहिली आहे ती त्यानंतरची गोष्ट. पाणी सोडणाऱ्या आमच्या तात्यांनी, कोणी सांगितले नसताना, पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली होती. दोनशे पानी, कव्हर सुटलेली, सुतळीने पेन्सिल बांधलेली, आणि बहुतेक पानांवर पाण्याचे डाग पडलेली. पंप सकाळी कधी सुरू झाला, टाकी कधी भरली, आकाश कसे होते, पॅनेल कधी धुतली, एवढेच तिच्यात लिहिलेले. ठेकेदाराच्या माणसापुढे तात्यांनी ती धरली तेव्हा त्याने हाताने बाजूला सारली होती. त्यामुळे आपल्यापुढे ती काढायलाही ते कचरत होते. आपण स्वतःहून विचारलेत, "काका, काही नोंदी आहेत का?" आणि वही हातात आल्यावर टाकीच्या जांभ्याच्या पायरीवर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलीत. चहा गार झाला, आपल्याबरोबरची मुले गाडीपाशी जाऊन परत आली, तरी आपण उठला नाहीत. जे अक्षर लागले नाही ते तात्यांना विचारलेत, आणि प्रत्येक उत्तर आपल्या वहीत उतरवून घेतलेत. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांसाठी वाट पाहिली, त्याचे लिहिलेले कोणीतरी इतक्या मन लावून वाचते आहे, हे पाहताना तात्यांचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरणार नाही.

आणि उत्तराचा धागाही तिथेच सापडला. पॅनेल धुतल्याच्या नोंदीपुढच्या दिवसांत काहीच फरक दिसत नव्हता, म्हणजे दोष धुळीचा नव्हता. निरभ्र लिहिलेल्या दिवशीही टाकी भरायला उशीर होत होता, म्हणजे मळभाचाही नव्हता. आपले बोट थांबले ते पंप सुरू होण्याच्या वेळेवर. सुरुवातीला तो पावणेआठला सुरू होत असे. नंतरच्या पानांत, त्याच हंगामात, सव्वानऊ वाजू लागले होते. आपण समजावून सांगितलेत की धुळीने दिवसभर साधारण सारख्या प्रमाणात वीज घटली असती. कोवळ्या उन्हातच एवढी घट होते याचा अर्थ वीज सेलच्या, म्हणजे पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांच्या, आतच गळते आहे. गळक्या कळशीत पाणी भरभर ओतले तर थोडे तरी उरते, धार बारीक असली तर सारेच गळून जाते, हे आपले उदाहरण वाडीतल्या प्रत्येक बाईला तत्क्षणी कळले.

अंधार पडल्यावर आपल्या विद्यार्थ्यांनी पॅनेलमध्ये बाहेरून वीज सोडून कॅमेऱ्याने चित्रे घेतली. या तपासणीला इलेक्ट्रोल्युमिनेसन्स म्हणतात आणि तिच्यात धडधाकट सेल डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात उजळतो, हे आम्हाला त्या रात्री कळले. माळेच्या ऋण टोकाकडच्या पॅनेलमध्ये सेलमागून सेल काळे दिसत होते, आणि त्यांतले कितीतरी चौकटीच्या कडेलाच होते. याला पीआयडी (पोटेन्शियल-इंड्यूस्ड डिग्रेडेशन), म्हणजे विद्युतदाबामुळे होणारा बिघाड, म्हणतात. अनेक पॅनेल एका माळेत जोडली की टोकाचे सेल आणि जमिनीला जोडलेली धातूची चौकट यांच्यात काहीशे व्होल्टांचा दाब पडतो. दमट, उष्ण हवेत त्या दाबाने काचेतील सोडियमचे आयन मधल्या ईव्हीए या प्लास्टिकच्या थरातून सरकत सिलिकॉनपर्यंत पोचतात आणि तिथल्या सूक्ष्म दोषांत शिरून विजेला चोरवाट करून देतात. दमट हवा आणि ऊन, दोन्हींचा आमच्याकडे तोटा नाही. सर्वांत दिलासा देणारी गोष्ट आपण शेवटी सांगितलीत: हा बिघाड बऱ्याच अंशी उलटवता येतो. अर्थिंग सुधारले, रात्रभर उलट दाब देणारी छोटी पेटी बसली, आणि आठवड्यामागून आठवडे पंप सकाळी लवकर सुरू होऊ लागला. काही सेल पूर्णपणे सावरले नाहीत, तेही आपण लपवले नाहीत.

आपल्या संशोधनाविषयी मी त्यानंतर जमेल तसे वाचले. पॅनेलची ताकद कारखान्यात २५ अंश तापमानाला मोजतात. आमच्या छपरावर एप्रिलच्या दुपारी तेच पॅनेल साठ अंशांपुढे जाते, आणि सिलिकॉनच्या सेलची वीज दर अंशामागे सुमारे ०.४ टक्क्याने घटते. दमटपणाची चाचणी ८५ अंश तापमानात, ८५ टक्के आर्द्रतेत, १००० तास चालते. आयआयटी मुंबईच्या केंद्राने देशभरातील पॅनेलची पाहणी केली, तेव्हा उष्ण प्रदेशांत ती लवकर ढासळतात, असे दिसून आले. ज्या पेरोव्स्काइट पदार्थावर आपले काही विद्यार्थी काम करतात, त्याचा पहिला सौर सेल २००९ साली जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने केला तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज ती २६ टक्क्यांच्या पुढे आहे, आणि तरीही ओल व उष्णता यांपुढे तो किती काळ टिकेल, हा प्रश्न सुटलेला नाही. कार्यक्षमतेच्या आकड्याची बातमी होते. टिकण्यासाठी झटणाऱ्यांची सहसा होत नाही. ईव्हीएऐवजी सोडियमला अडवणारा थर शोधत एखादी मुलगी वर्षानुवर्षे नमुन्यामागून नमुना भट्टीत ठेवते आणि बहुतेक नमुने बिघडलेलेच बाहेर काढते, तेव्हा तिच्या त्या कामावर आमच्यासारख्या वाड्यांचे पाणी अवलंबून असते, एवढे मला आता पक्के कळले आहे.

सज्जनपणा म्हणजे गोड बोलणे, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. ठेकेदाराचा माणूसही गोडच बोलत होता. समोरच्याने जे पाहिले, जे लिहून ठेवले, त्याला पुरावा म्हणून मान देणे हा माझ्या लेखी त्याहून फार मोठा सज्जनपणा आहे, मग समोरचा सातवी शिकलेला का असेना. आपण अहवाल मराठीत लिहिलात, आणि त्यात "दैनंदिन नोंदी" या शब्दांपुढे तात्यांचे पूर्ण नाव घातलेत. तो अहवाल टेबलावर ठेवल्यानंतर त्याच कार्यालयात आम्हाला बसायला खुर्ची मिळाली. ज्यांनी आम्हाला पाणी वाया घालवणाऱ्या म्हटले, त्यांनी अजून तो शब्द मागे घेतलेला नाही. तो त्यांनी घ्यावा, अशी माझी आजही अपेक्षा आहे.

आपल्या नव्या थरांचे नमुने खुल्या हवेत, खाऱ्या वाऱ्यात ठेवून पाहायचे आहेत, असे आपण जाता जाता बोलला होतात. समितीने ठराव करून टाकीच्या छपरावरची दक्षिणेकडची मोकळी जागा त्यासाठी राखून ठेवली आहे. भाडे घेणार नाही. मिरगाच्या आधी चौकटी बसल्या तर नमुन्यांना पहिल्या सरीपासूनचा सगळा पावसाळा मिळेल. रोजच्या नोंदींसाठी तात्यांनी नवीन वही आणून ठेवली आहे. तिच्यात कोणते रकाने आखायचे, तेवढे आपण कळवावे.

आपली नम्र,
सचिव, गाव पाणीपुरवठा समिती