मोबाईल फोडू नका, पोराला ओपीडीत न्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अठरा वर्षांखालच्या मुलांना गावोगावी मोबाईलबंदी करावी, असं एका वाचकाचं पत्र आपल्या दैनिकात नुकतंच वाचलं. आमच्याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत तसा ठराव घेतला होता, त्याचा दाखला त्यात होता. पारावरच्या कुरबुरी ठरावाच्या वहीत आणल्या, याचं श्रेय बान्सीला आहेच. पण ज्या घरातलं पोरगं मोबाईलवरच्या खेळापायी खरोखर आजारी पडलं आहे, त्या घराचं बंदीने काही भागत नाही.

मी तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. बाजाराच्या दिवशी बाप पोराला दंडाला धरून आणतो आणि फोन काउंटरवर ठेवतो. "भाऊ, हा गेम उडवा याच्यातून. पोट्टं पागल झालं." मी उडवतो. पोरगं शांतपणे पाहत उभं असतं, कारण त्याला माहीत असतं की रँक, स्किन म्हणजे खेळातला पोशाख, जमवलेलं सगळं त्याच्या आयडीत आहे. मित्राच्या फोनवर लॉगिन केलं की सगळं जागच्या जागी. खेळ किती चालतो ते फोनच सांगतो. टेम्पर्ड ग्लास उजव्या कोपऱ्यात, फायरच्या बटणाच्या जागी, घासून पांढरी पडलेली असते. चार्जिंगला लावून खेळल्याने पिन ढिली होते आणि बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं जातं.

एवढ्यावरून पोरगं आजारी आहे असं मात्र म्हणता येत नाही. सुट्टीत दिवसभर खेळणारी आणि शाळा सुरू झाली की आपसूक कमी करणारी पोरं गावात ढीगभर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार आपल्या आजारांच्या यादीत घेतला असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तासांचा हिशेब कुठेच नाही, खुणा तीन आहेत. खेळणं कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं हे हातात राहत नाही. जेवण, झोप, अभ्यास, मैदान यांच्यापुढे खेळ जातो. आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. यापायी शाळा, घर, सोबती यांतलं काहीतरी खरोखर कोलमडलेलं असलं पाहिजे. साधारण वर्षभराचं वागणं पाहून निदान होतं. त्रास तीव्र असेल तर त्याआधीही होतं. म्हणून घड्याळ बघू नका, काय काय सुटलं ते बघा.

बंदीबद्दल थोडं बोलतो. शेतकऱ्याच्या घरात फोन आता बंद करता येतो का? ई-पीक पाहणी फोनवर, पीएम-किसानचं केवायसी फोनवर, पीकविम्याची तक्रार फोनवर. आणि हे सगळं बापाला करून कोण देतं? तेच पोरगं! सरकारी बंदीचंही पाहिलं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी हा बंदुकीचा खेळ गेला, २०२१ मध्ये बीजीएमआय या नव्या नावाने आला, २०२२ मध्ये थांबला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तसाच फ्री फायर बंद झाला तेव्हा फ्री फायर मॅक्स चालूच होता. त्या बंद्या देशाच्या सुरक्षेसाठी होत्या, पोरांच्या तब्येतीचा त्यात विषय नव्हता. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, ते बरंच झालं. पण बंदुकीचे हे खेळ त्यात येत नाहीत, आणि डायमंडच्या टॉप-अपसाठी, म्हणजे खेळातलं चलन विकत घ्यायला, बापाच्या यूपीआयचा पिन पोराला पाठ असतो. बीजीएमआयमध्ये अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. आयडी बापाच्या नावावर असली की तीही गेली.

माझ्या बहिणीच्या मुलाचं सांगतो, म्हणजे आजार आणि उपचार दोन्ही कसे दिसतात ते कळेल. अकरावीतलं पोरगं. आधी कबड्डी सुटली, मग आंघोळ, मग कॉलेज. हरभऱ्याच्या वावरात जागलीला जातो म्हणून तो आपणहून पुढे झाला तेव्हा जावईबापूंना बरंच वाटलं. मचाणावर पॉवर बँक घेऊन बसायचा, आणि खाली रानडुकरं हरभरा उकरत. फोन काढून घेतला तर थरथर कापायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. एकदा म्हणाला, "मी जगून तरी काय करू?" बहीण घाबरली. "दादा, याले बाहेरचं तं नाई न झालं?" उतारा झाला, अंगारा झाला. मग कुणीतरी पोरांना महिनोनमहिने ठेवून घेणाऱ्या एका केंद्राचं नाव सुचवलं.

आम्ही जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. डॉक्टरांनी बहिणीला बाहेर बसवलं आणि पोराला पहिला प्रश्न केला, "रँक कोणती?" कितीतरी दिवसांनी तो कुणाशी सरळ बोलला. झोप, भूक, मरणाचे विचार, सगळं त्यांनी थेट विचारलं. दहावीत गणितात राहिल्यापासून पोरगं आतून खचलं होतं, हे तिथे बाहेर आलं. खेळ सोडवणारी अशी खास गोळी नाही. त्याला उदासीनतेचं औषध सुरू झालं आणि समुपदेशकाकडे आठवड्याला जाणं. फोन हातात घेण्याआधी मनात काय चाललं होतं ते वहीत लिहायचं, खेळायची वेळ पोराने स्वतः ठरवायची, रात्री घरातले सगळे फोन एकाच खोलीत चार्जिंगला लावायचे. या 'सगळे'वर जावईबापू अडले. "मंग माह्याही फोन ठेवू काय?" रात्री अकरापर्यंत त्यांचं रील चालायचं. ठेवावाच लागला.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगं पुन्हा घसरलं. डॉक्टरांना त्याचं नवल वाटलं नाही. तारीख अलीकडे दिली, एवढंच. आता कॉलेजात जातो. रविवारी खेळतो, खेळू द्यावा. एक मात्र घरच्यांनी शिकून घेण्यासारखं आहे: मॅच चालू असताना "आत्ताच्या आत्ता जेवायला ये" म्हटलं की भांडण ठरलेलं. अर्ध्यात सोडलं तर स्क्वॉडमधले बाकीचे तिघे तोंडघशी पडतात. मॅच सुरू होण्याआधी सांगायचं, "ही शेवटची."

पोरांना ठेवून घेणाऱ्या त्या केंद्राबद्दल एक सांगायलाच हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला दाखल करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञासह किमान दोन जाणकारांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालकाला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला सोबत राहावं लागतं. साखळीने बांधणं तर साफ मना आहे. "पोरगं ठेवून जा, दोन महिने भेटायचं नाही" असं कुणी म्हणत असेल तर तिथून पोराला घेऊन परत फिरा.

जायचं कुठे, तर फार लांब नाही. यवतमाळ, अकोला, नागपूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. सेवाग्रामला आहे, नागपूरच्या एम्समध्येही आहे. फक्त याच कामासाठीचं क्लिनिक बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून आहे, पण त्यासाठी कुणी तूर विकायची गरज नाही. ज्याला आज एसटीचं भाडंही जड आहे त्याच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलतो. पोरगं मरणाची भाषा करत असेल तर "धमकी देते" म्हणून सोडून देऊ नका. त्याच वेळी हा क्रमांक लावा, पोराला एकटं ठेवू नका आणि घरातली फवारणीची औषधं कुलपात टाका.

आपल्याला एकच विनंती. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी बसतं, हे दुकानात येणाऱ्या एकाही बापाला सांगता येत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून ते वेळापत्रक मिळवून, १४४१६ सह, दर आठवड्याला कापूस-सोयाबीनच्या भावाच्या चौकटीखाली छापावं. भाव तर लोक शेजाऱ्याचा पेपर मागून आणूनही वाचतात.

आपला,
एक मोबाईल दुरुस्ती व्यावसायिक, जि. यवतमाळ
(भाच्याचं कॉलेज सुरू आहे, म्हणून नाव व गाव छापू नये.)